फोन चरायला गेले होते

गोंदियाहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नवेगाव बांधला गेला होतास म्हणे, पक्षी दिसले का?" दिसले. पण मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. त्या प्रवासात मी फोन चरायला जाताना पाहिले, आणि एकदा ते पाहिल्यावर बगळ्यांचं फारसं कौतुक राहत नाही.

आधी स्वतःविषयी सांगायला हवं, म्हणजे पुढे जे झालं ते माझ्याच कर्माने झालं हे लक्षात येईल. मी मूळचा नाशिकचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात उशीखाली फोन शोधतो. ताटाचा फोटो काढल्याशिवाय मी जेवत नाही. मला एकूण दोन फोन नंबर पाठ आहेत. एक माझा, आणि दुसरा कुठला ते पुढे येईल.

गोंदिया

भोजराज रहांगडाले माझा खोलीतला जोडीदार. मेसमध्ये पोळी करपली की तो म्हणतो, "आमचे पूर्वज माळव्यातून आले, आम्ही असलं खात नाही." यंदा परीक्षेचा निकाल लागल्यावर तो म्हणाला, दिवाळीला माझ्या गावी चल. मी पडत्या फळाची आज्ञा मानली. घरी कळवलं की दिवाळीला येत नाही, मित्राकडे जातोय. खरं कारण वेगळं होतं. माझे दोन विषय गेले होते, त्यातला एक गणित, आणि घरी गेलो असतो तर बाबांनी पहिल्याच फराळाला विचारलं असतं, "मार्क किती?"

बाबांना वर्षभरापूर्वी ताईने स्मार्टफोन घेऊन दिला. तेव्हापासून ते आमच्या खानदानाच्या ग्रुपवर आहेत. ग्रुपात त्रेचाळीस माणसं: काका, आत्या, मावसभाऊ, आणि कोणाचे ते कोणालाच माहीत नसलेले एक गृहस्थ. मी कुठलाही फोटो टाकला की खाली बाबांचं उत्तर ठरलेलं: "फोटो ठीक. मार्क किती?" मग काका हसण्याची चिन्हं टाकतात. ते गृहस्थसुद्धा टाकतात.

गोंदिया स्टेशनबाहेर आलो तर सगळीकडे हिंदी. चहावाल्याला मी मराठीत चहा मागितला, त्याने हिंदीत दिला आणि शेजारच्या माणसाशी छत्तीसगढीत माझ्याविषयी काहीतरी बोलला. मी चहाचा फोटो टाकला. भोजराजच्या मोटारसायकलवरून निघालो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा पडलेला धान होता. आमच्याकडे शेत म्हटलं की द्राक्षांचे मांडव आणि कांदा. इथे नजर जाईल तिथवर भातच, आणि मधूनमधून आरशासारखे ठेवलेले तलाव. मी एका हाताने भोजराजला धरून दुसऱ्या हाताने सगळ्याचा व्हिडिओ काढला. त्यात भोजराजचा कान फार छान आलाय.

नवेगावच्या बांधावर थांबलो. समोर अफाट पाणी, लांब एक कोळी जाळं ओढत होता, मागे जंगल. मी माझाच फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत बाबा आले: "फोटो ठीक. निकालाचा फोटो कधी?" खाली काकांची सात हसरी तोंडं. त्याखाली त्या गृहस्थांचं एक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर लिहिणार, तोवर भोजराजने गाडी जंगलाच्या रस्त्याला घातली आणि रेंजच्या काड्या एकेक करून गळून पडल्या.

हिरडाटोला

भोजराजचं गाव टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात आहे. तीस घरं, एक हातपंप, एक शाळा. रेंज नाही.

"नाही म्हणजे कमी आहे?" मी विचारलं.

"नाही म्हणजे नाई," भोजराज म्हणाला. गावात शिरताच त्याची पुणेरी बोली गाडीच्या धुळीसारखी उडून गेली होती. "कायले पाहिजे रेंज? आताच तर आला."

मी अंगणात फिरलो, विहिरीच्या कठड्यावर चढलो, फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून गोठ्यापर्यंत गेलो. गायींनी रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं. भोजराजची माय चुलीवर आयते घालत होती, म्हणजे तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी. त्या म्हणाल्या, "पोरा, हात दुखून राहिले असतील. ठेव खाली."

जेवायला अजून वेळ होता. मी ओसरीवर बसलो आणि मघाचा राग टाइप केला. ग्रुपवरच. "बाबा, तुम्ही चारचौघांत माझी लाज काढता. मी इकडे फिरायला आलेलो नाही. तुमच्यासोबत दिवाळी काढावी लागू नये म्हणून आलोय." पाठवायचं बटण दाबलं. रेंज नसल्याने मेसेज तिथेच अडकला आणि शेजारी ते छोटं घड्याळ उमटलं. म्हणजे जाईल, रेंज मिळेल तेव्हा आपोआप जाईल. तेवढ्यात पानावर बसायची हाक आली. आयते, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि कोहळ्याची भाजी. पाच आयते खाल्ल्यावर माझा राग चार आण्यांवर आला. उद्या मेसेज काढून टाकू, असं म्हणत फोन चार्जिंगला लावून मी झोपलो.

सकाळी हात उशीखाली गेला, मग आठवलं की फोन चार्जिंगला आहे. पाहिलं तर वायर लोंबकळत होती. फोन नव्हता. भोजराज वडिलांबरोबर पहाटेच गाडी घेऊन तहसीलला कुठलासा दाखला आणायला गेला होता. घरात माय एकट्या.

"काकू, माझा फोन?"

"गेला ना चराले," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला वाटलं, माझी झोप अजून उतरली नाही.

मग त्यांनी तांदूळ निवडता निवडता जे सांगितलं ते असं. गावाची ढोरं सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत जमतात. तिथून सुकराम गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना चारायला पहाडीवर नेतो. पहाडीच्या माथ्यावर मात्र रेंज भरपूर. म्हणून दोन वर्षांपासून गावाने ढोरांबरोबर फोनही सुकरामकडे द्यायला सुरुवात केली. लोक संध्याकाळी मेसेज लिहून ठेवतात, सकाळी फोन आखरावर देतात. दुपारी माथ्यावर लिहिलेले मेसेज जातात, आलेले येतात, आणि दिवेलागणीला ढोरांबरोबर फोन घरी. गायकीला सुगीनंतर ढोरामागे धान मिळतो, तसाच आता फोनामागेही.

"तुझा काल उपाशीच राहिला," माय म्हणाल्या. "म्हनलं, पाहुन्याचाही देऊ."

ते घड्याळ! फोन माथ्यावर पोचला की माझं ते वाक्य त्रेचाळीस माणसांसमोर जाऊन पडणार होतं. आत्या वाचणार, काका वाचणार. बाबा तर चष्मा लावून एकेक शब्द वाचणार. आणि फोन हातात नसताना गेलेला मेसेज परत घ्यायची सोय अजून कोणी काढलेली नाही.

"ढोरं माथ्यावर कधी पोचतात?"

"बारा वाजता. चरत चरत जातेत ना."

नऊ वाजत आले होते. मी भोजराजच्या वडिलांची चप्पल पायात अडकवली आणि सुटलो.

पहाडीकडे

गावाच्या शेवटच्या घरातून एक बाई हातात सूप घेऊन बाहेर आली आणि ओरडली, "अजी पाहुने! थांबा ना जी!" या गावात वाटेने जाणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, हे मला एका दिवसात कळलं होतं. मी हात हलवला आणि तसाच पुढे पळालो. हे घर ध्यानात ठेवा.

वाटेत अडचण अशी की नकाशा फोनमध्ये होता. मायने वाट सांगितली होती: मोहापासून डावीकडे, मग बेहड्यापासून उजवीकडे. मोह कसा दिसतो हे बघायलाही मला फोन लागणार होता. मी दिसेल त्या मोठ्या झाडापासून डावीकडे वळत गेलो आणि अर्ध्या तासाने पुन्हा गावाचा हातपंप दिसला.

दुसऱ्या खेपेला धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, घुसलो. चार बाया हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापत होत्या. त्यातली एक विळा कमरेला खोचत उभी राहिली.

"कोठी जाऊन राहिले जी एवढ्या घाईनं?"

"सुकराम गायकीकडे. फोन गेलाय माझा!"

"मंग बरं झालं!" ती म्हणाली. "माझा फोन त्याच्यापाशीच आहे. त्याले सांगजा, माझ्या भावाले आवाजाचा मेसेज टाक. म्हनाव, भाऊबीजेले ये, आनि मागच्या वर्षासारखा खाली हातानं नको येऊ."

मला तिच्यापासून सुटका हवी होती म्हणून हो म्हणालो. ते ऐकून बाकीच्या तिघींनीही विळे खाली ठेवले. एकीची सासू नणंदेच्या बाळंतपणाला पोचली का, दुसरीच्या नवऱ्याने डिझेल आणायचं, तिसरीचं फक्त "त्याले म्हनाव, नाई!" काय नाही ते तिने सांगितलं नाही. त्याला कळेल म्हणाली.

पुढे एक बोडी आडवी आली. बोडी म्हणजे गावचं छोटं तळं. हिच्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि मधोमध एक म्हातारा डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होता. पलीकडे, दूर उतारावर, पांढरे ठिपके हलत होते. ढोरं! वळसा घालून जायला वेळ नव्हता. मी हाका मारल्या. म्हाताऱ्याने डोंगा काठाला लावला.

"काऊन बोंबलून राहिला बे? साप चावला का?"

सगळं ऐकून तो म्हणाला, बस. डोंगा म्हणजे कोरलेलं झाडाचं खोड. त्यात बसताना उजवीकडे पाहिलं तरी तो उजवीकडे कलतो. मी खिशातून फोन काढायला गेलो, सवयीने, हा फोटो तर हवाच म्हणून, आणि रिकाम्या खिशासकट पाण्यात पडलो. पाणी कमरेइतकंच होतं, पण शिंगाड्याला काटे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने मला दंडाला धरून वर घेतलं, हातात चार शिंगाडे दिले. मग पलीकडच्या काठाला लागल्यावर हळूच म्हणाला, "माही पोरगी नागपूरले नर्सिंगले आहे. परीक्षा होती. काय झालं ते पाहून सांगजो ना बापा, परत येतानी."

आता माझ्याकडे पाच निरोप होते आणि माझा स्वतःचा सहावा, जो जाऊ नये म्हणून मी जीव तोडून पळत होतो.

माथा

चढ चढताना ढोरं माझ्या पुढे होती. सर्वांत पुढची लाल गाय माथ्याच्या कडेला पोचलेली मला दिसली, आणि मी खालून ओरडलो, "थांबवा तिला!" गाय थांबली नाही. मी धापा टाकत वर पोचलो, तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

एका मोठ्या झाडाच्या फांद्यांना शिंकी टांगली होती, आणि प्रत्येक शिंक्यात दोन-तीन फोन, आपापल्या रंगीत कापडी पिशवीत. सगळे एकदम वाजत होते. एकातून अभंग, एकातून सिनेमाचं गाणं, एकातून कोंबडा. खाली गायी निवांत चरत होत्या आणि एक वाळकासा, पांढऱ्या मिशीचा माणूस काठीवर हनुवटी टेकून सगळ्यांवर लक्ष ठेवून होता.

"मामाजी, माझा फोन!" मी पिशव्या चाचपत सुटलो. "काळा. मोठा. कोपऱ्यात तडा गेलेला."

"तो इथी नाई," सुकराम म्हणाला.

"पडला?"

"घरी आहे माझ्या. धानाच्या ढोलीत."

मी खाली बसलो. ढोली म्हणजे धान साठवायची कणगी, आणि ती होती खाली, बिनरेंजच्या गावात.

"नवं ढोर पहिल्या दिवशी कळपात नाई सोडत आमी," तो समजावून सांगू लागला. "बिचकते, पराते. एक दिवस घरी बांधाचं, गावाचा वास लागू द्याचा. दुसऱ्या दिवशी आनाचं."

"पण मामाजी, तो फोन आहे."

"मले मालूम नाई का फोन आहे?" तो चिडला. "मागं एका पाहुन्याचा पहिल्याच दिवशी आनला होता. माथ्यावर येताच असा बोंबलला का तीन गायी नाल्यात गेल्या! तवापासून कायदा म्हंजे कायदा. घरवालीनं सांगतलं नाई का तुले? ते तर दारातच होती."

ती सूपवाली बाई! मी कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मेसेज गेला नव्हता. बाबांनी काही वाचलं नव्हतं. इतकं हलकं मला निकालाच्या आधीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

मग मी निरोप सांगितले. सुकरामने पिशव्यांतून बरोबर फोन काढले, भाऊबीजेचा मेसेज बाईच्याच ठसक्यात पाठवला. "नाई!" ऐकल्यावर मान डोलावली आणि तेवढंच पाठवलं. शिंगाडेवाल्याचा फोन मात्र त्याने माझ्या हातात दिला. "वाच. माझा चश्मा नाई."

मेसेज होता: "बाबा, एक विषय गेला. आधी तुम्हालाच सांगते. रागावू नका."

मी तो दोनदा वाचला. ही मुलगी आपल्या बापाचा फोन गुराख्याकडे असतो, गावभर वाचला जातो, हे जाणून असणार. तरी तिने लिहिलं होतं. आणि मी दोन विषय घेऊन हजार किलोमीटर पळून आलो होतो.

"मामाजी, एक फोन करू का तुमच्यावरून?"

त्याने रबराने बांधलेला, बटणांचा फोन पुढे केला. मी बटणांवर बोट ठेवलं आणि लक्षात आलं की बाबांचा नंबर मला माहीतच नाही. आईचा नाही, ताईचा नाही. मला पाठ होता तो घरातला जुना नंबर, वायरवाला, फोन दिवाणखान्यात कपाटावर. सहा वर्षांचा असताना बाबा मला स्कूटरवर पुढे उभा करून जत्रेला न्यायचे आणि वाटभर तो नंबर म्हणायला लावायचे, कोडसकट, हरवलास तर कोणालाही हा सांग म्हणून. आम्ही तो पाढ्याच्या चालीत म्हणायचो.

मी पाढ्याच्या चालीतच दाबला. बराच वेळ वाजला.

"हॅलो? कोण बोलतंय?" बाबा. आवाजात संशय, या फोनवर आता कोणी करत नाही.

"बाबा, मी."

"कुठला नंबर हा? तुझ्या फोनला काय झालं?"

"तो बांधून ठेवलाय. नवीन आहे म्हणून." मागे कोंबडा आरवला, एक गाय हंबरली. मी डोळे मिटून सांगून टाकलं, "बाबा, माझे दोन विषय गेलेत. एक गणित. म्हणून मी दिवाळीला येत नव्हतो."

मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"हा नंबर पाठ आहे तुला अजून?" बाबांनी विचारलं.

"हो."

"पुढच्या महिन्यात बंद करणार होतो हा फोन. कोणी करतच नाही म्हणून." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "राहू देतो मग."

आखर

परतताना बोडीच्या काठावरून मी म्हाताऱ्याला हाक मारली. असा निरोप ओरडून सांगणं जिवावर आलं, म्हणून तो जवळ येईपर्यंत थांबलो. त्याने ऐकलं, डोंग्यातलं पाणी दोन ओंजळी बाहेर टाकलं आणि म्हणाला, "मंग काय झालं, पुढच्या खेपी देईल. जेवन करते का बरोबर, ते नाई लिवलं?" नाही लिवलं, मी म्हणालो. तो पोरीवर त्याच एका गोष्टीसाठी रागावला.

संध्याकाळी सुकरामने ढोलीत कोपरापर्यंत हात घालून माझा फोन काढला, फुंकर मारून कोंडा उडवला. मेसेज तिथेच होता, शेजारी घड्याळासकट. मी तो काढून टाकला. त्या जागी माथ्यावरच्या झाडाचा एक फोटो हवा होता, म्हणून तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन घेऊन ढोरांबरोबर गेलो, फोटो काढला, खाली लिहिलं: "धनत्रयोदशीला पोचतो. नवा तांदूळ आणतोय." पाठवला, फोन शिंक्यात ठेवला आणि सुकरामशेजारी बसून शिंगाडे खाल्ले. दिवसभर त्याला हात लावला नाही. निदान दोनदाच लावला.

दिवेलागणीला आखरावर धूळ उडवत ढोरं आली. मायने आपली गाय ओळखून घेतली, मी माझा फोन ओळखून घेतला. ग्रुपवर आत्याने गुलाब टाकला होता. काकांनी विचारलं होतं की झाडाला हे काय लागलंय. त्या गृहस्थांनी नमस्कार केला होता. आणि त्याखाली, त्रेचाळीस माणसांसमोर, बाबांनी लिहिलं होतं: "फोटो ठीक."

खाली आणखी काही असेल म्हणून मी बोट सरकवून पाहिलं. काही नव्हतं.